दात सहा, खांदा मजबूत

बुधवारी दुपारी फोन वाजला. केसरीनाथशेठनी रिसीव्हर कानाला लावला आणि लगेच वीतभर लांब धरला. पलीकडे दापोड्याचे तुळशीरामशेठ होते, आणि त्यांचा आवाज ओटीवर बसलेल्या सगळ्यांना फुकटात ऐकू येत होता.

"केसरीनाथशेठ, पोऱ्याचं लगीन करायचं हाय, का त्याला बाजारात उबा करायचा हाय? दात सहा मंजे काय? बाकीचे पडले का?"

करिष्मा नुकतीच शाळेतून आली होती. एक बूट पायात, एक हातात. 'दात सहा' एवढं ऐकलं मात्र, ती एका बुटावरच फोनजवळ सरकली. कारण ते शब्द तिनेच टाइप केले होते. फक्त ते तिच्या दादाबद्दल नव्हते. बैलाबद्दल होते.

झालं होतं ते असं. गेल्या महिन्यात शाळेच्या कॉम्प्युटर स्पर्धेत करिष्माचा पहिला नंबर आला आणि नववीतली ही मुलगी एका दिवसात अख्ख्या घराची इंजिनियर झाली. मिक्सर फिरेना, बोलवा करिष्माला. टीव्हीवर मुंग्या आल्या, बोलवा करिष्माला. तिलाही हे मनापासून पटलेलं होतं. त्यामुळे तिच्या बाबांनी, म्हणजे केसरीनाथशेठनी, शर्यतीचा बैल विकायचा ठरवला तेव्हा तिने सांगून टाकलं की दलाल-बिलाल काही नको, पायलटला मी इंटरनेटवर टाकते.

पायलट म्हणजे बैल. टाकलाही तिने. फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर एक पान बनवलं. वर पायलटचा फोटो आणि खाली बाबांनी सांगितलेलं वर्णन, जसंच्या तसं: 'रंग गोरा. दात सहा. खांदा मजबूत. खुराक रोज पेंड, उडीद आणि अंडी. लहान मुलांना मारत नाही. एकदा जुंपला की मागे बघत नाही. फक्त फटाक्यांना बुजतो. पसंत पडल्यास दोरीसकट न्यावा. भाव समोरासमोर बसून.' केसरीनाथशेठ इतके खूश झाले की त्यांनी पेंटर बोलावून पानाचा पत्ता टेम्पोच्या मागच्या फळीवर हातहात उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतला.

बैल विकायचा होता तो कुणालदादाच्या लग्नासाठी. कुणालला दापोड्याची नेत्रा आवडली होती. एका हळदीत धवलारीण म्हातारी धवला, म्हणजे लग्नाचं जुनं गाणं, गात होती आणि बँजोवाला मधेच सुरू झाला, तेव्हा या मुलीने सरळ जाऊन बँजोची वायर काढली आणि गाणं संपेपर्यंत ती वायर हातात धरून उभी राहिली. त्या दिवसापासून कुणाल रोज इस्त्रीचा शर्ट घालून गोठा साफ करायचा. पण मैना आत्याने, जिच्या मध्यस्थीने सगळं चाललं होतं, एक गोष्ट बजावून सांगितली होती. नेत्राचे वडील तुळशीरामशेठ यांच्या बापाने बैलांच्या नादात खाडीकडचं शेत घालवलं होतं. त्या घरात बैल हा शब्दसुद्धा चालत नाही. बैलवाल्याच्या घरात मुलगी देणं तर लांबच.

म्हणून पायलट विकायला काढला. मग कुणालने जेवण सोडलं. मग आई, राहीबाई, म्हणाली, "बैल इकून सून आना. मंग ती इचारील, माज्या आदी हितं कोन बांदलेला होता, तवा सांगा तिला." झालं, विक्री रद्द. पायलटबद्दल लग्न होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही असं ठरलं. आणि मोकळ्या झालेल्या पानावर करिष्माने दादाची माहिती चढवली. नवीन पत्ता घेतला असता, पण टेम्पोचा रंग अजून ओला होता आणि बाबांना पेंटरला पुन्हा तोंड दाखवायचं नव्हतं. तेव्हा पत्ता तोच, पानाचं नाव तेच, फोटोच्या फाइलचं नावही तेच. घरच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं, म्हणून सोमवारी नारपोलीला भाऊच्या सायबर कॅफेत जाऊन तिने मजकूर बदलला. दादाचा फोटो स्टुडिओवाल्याने मंगळवारी दिला, मग मंगळवारी फोटो. बैल पूर्ण पुसला गेला. निदान तिला तसं वाटत होतं.

"दहा मिन्टांत फोन करतो," म्हणून केसरीनाथशेठनी रिसीव्हर ठेवला आणि लेकीकडे पाहिलं.

"बाबा, मी माझ्या हाताने बदललंय," करिष्मा म्हणाली.

"मंग तुळशीरामला कुनालच्या फोटोखाली दोरीसकट न्यावा कसा दिसतो?"

करिष्मा दुसरा बूट पुन्हा पायात घालून रिक्षात बसली.

भाऊचा कॅफे नारपोलीत, दोन्ही बाजूंना कापडाचे लूम खडखडत असतात अशा गल्लीत. बाहेर पाटी: 'भिवंडीत सर्वात फास्ट इंटरनेट'. दाराजवळचं मशीन रिकामं होतं. करिष्माने पान उघडलं. दादाचा फोटो, दादाची माहिती, सगळं जागच्या जागी. मग तुळशीरामशेठना दिसलं ते काय? तिला वाटलं, त्यांच्या डोक्यात काहीतरी घोळ आहे आणि तो आपण सज्जड शब्दांत दूर केला पाहिजे. पायलटबद्दल चकार शब्द काढायचा नाही हे त्या भरात विसरून तिने तिथेच बसून पानाच्या सगळ्यात वर लाल, जाड अक्षरांत लिहिलं: 'खुलासा. याआधी या पानावर असलेले वर्णन आमच्या पायलट या शर्यतीच्या बैलाचे होते. कुणालदादाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आता बैल विकायचा नाही, कारण कुणालदादा त्याच्याशिवाय जेवत नाही. – करिष्मा, इयत्ता नववी.' वाचून तिचं तिलाच भरून आलं. किती स्वच्छ, किती सरळ.

घरी आली तर बाबा कपाळाचा घाम पुसत होते. त्यांनी तिची वाट न बघता तुळशीरामशेठना फोन करून टाकला होता.

"सांगून टाकलं, ते वर्नन जेसीबीचं हाय," बाबा म्हणाले.

"कसलं?"

"जेसीबीचं. दात असतात ना त्याच्या बकेटला. सहा. खांदा मजबूत. मागं बगत न्हाय. बसलं एकदम."

"आणि पेंड, उडीद, अंडी?"

"ते त्यानं इचारलं. मी सांगितलं, तो डायवरचा खुराक हाय."

फटाक्यांना बुजतो हेही ड्रायव्हरच्या खात्यात गेलं होतं. राहीबाई तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात निघून गेल्या. पण गोष्ट एवढ्यावर थांबली नव्हती. तुळशीरामशेठचा नवीन गोडाऊनच्या भरावाचा धंदा. जेसीबी म्हटल्यावर त्यांचा राग निवळला होता आणि कान टवकारले होते. रविवारी मुलगा बघायला येऊ तेव्हा जेसीबीपण बघू, पसंत पडला तर सोमवारपासून दापोड्याच्या प्लॉटवर लावू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. फक्त तोवर ते पान नीट करा, माझ्या भावांना दाखवायचंय.

केसरीनाथशेठकडे दोन गाळे होते, एक टेम्पो होता, एक बैल होता. जेसीबी नव्हता.

"बाबा," करिष्मा हळूच म्हणाली, "मी त्या पानावर खुलासा लिहिलाय. लाल अक्षरात. की ते बैलाचं होतं."

केसरीनाथशेठ खाटेवर बसले. मग फारच शांतपणे म्हणाले की उद्या शाळा सुटली की घरी येऊ नको, थेट नारपोलीला जा आणि ते काढ. आणि हे लग्न मोडलं तर कॉम्प्युटर आपण मैना आत्याच्या भाविकला देऊन टाकू. भाविक कॉम्प्युटरवर फक्त पत्ते खेळायचा. करिष्माला यापेक्षा मोठी धमकी असूच शकत नव्हती. आणि दादाकडे बघून तर तिला आणखीच कसंतरी झालं. कुणालने इस्त्रीचा शर्ट काढून घडी करून ठेवला आणि पायलटला पाणी दाखवायला गेला.

गुरुवारी कॅफेत कोपऱ्यातलं, पडद्यामागचं मशीन मिळालं. सोमवारी दादाचा मजकूर चढवला होता तेच. करिष्माने फ्लॉपीवरून खुलासा नसलेलं पान पाठवलं. पाठवता पाठवता लाइन गेली, पुन्हा आली. तिने घाईघाईने पान उघडून पाहिलं. लाल अक्षरं नव्हती. सुटले, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. 'कुणाल केसरीनाथ, बी.कॉम., उंची पाच फूट आठ इंच, स्वभाव शांत' या ओळींच्या वर शिंगांना गोंडे बांधलेला पायलट कॅमेऱ्यात बघत होता.

तिने फोटो पुन्हा पाठवला. पायलटच. आणखी एकदा पाठवला. पायलट ढिम्म हलेना. काल दाराजवळच्या मशीनवर दादा, आज इथे बैल, आणि दापोड्याला दादाखाली बैलाचे दात. तिला वाटलं आपला पहिला नंबर परत घेतील आता.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचा लूमवाला मोबाइलवर ओरडला, "भाई, इंडिया जीत रही है, टीव्ही लगा." पलीकडून जे उत्तर आलं ते ऐकून त्याचा चेहरा पडला. "कौनसा मॅच? अरे, स्क्रीन पे तो चल रहा है." मग फोन ठेवून तो भाऊवर उखडला, "ये तो जुम्मे को खतम हो गया, भाऊ. मैं क्या भूत का स्कोर देख रहा हूँ?"

करिष्मा ताडकन उठून काउंटरवर गेली.

भाऊने आधी इकडेतिकडे पाहिलं. धंद्याचं गुपित होतं ना. मग लूमवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याची छाती फुगलेली होती. एकदा उघडलेलं पान मशीन आपल्या पोटात ठेवून देतं. पुढच्या वेळी ते साइटकडे जाऊन विचारतं, बाबा रे, काही नवीन आहे का? या विचारण्यातच वेळ जातो. "म्हणून मी सेटिंगच मारून ठेवलंय. नवीन आहे का विचारू? तर नेव्हर. कधीच नाही. एकदा आलं ते आलं. म्हणून तर आपलं नेट फास्ट."

"पण ते जुनं असतं ना, भाऊ."

"जुनं असतं, पण पटकन येतं."

आणि दापोड्याच्या तुळशीरामशेठच्या ऑफिसात कॉम्प्युटर कोणी बसवला, हे तिने विचारलं, तेव्हा भाऊ आणखीच फुगला. त्यानेच. तिथे तर पान असं उघडतं की डोळ्याचं पातं लवत नाही.

म्हणजे तिथे कुणीतरी पायलटचं पान कधीतरी आधीच उघडलं होतं. मजकूर आला, फोटो यायच्या आधी लाइन तुटली असणार. मशीनने मजकूर जपून ठेवला. आता पान उघडलं की मजकूर पोटातला, आणि पोटात नसलेला फोटो तेवढा साइटवरून ताजा, म्हणजे दादाचा. करिष्माने तिथल्या तिथे टाळी वाजवली. कोडं सुटलं होतं. या आनंदात ती एक बारीकशी गोष्ट साफ विसरली, पण ती पुढे.

घरी तिने आईला समजावलं. राहीबाईंना समजायला अजिबात वेळ लागला नाही.

"मंजे ताजं चुलीवर हाय, आनि तो मेला परवाचंच वाडतो. नवीन रांदलंय का म्हनून इचारीत पन न्हाय."

"बरोब्बर. आणि आपण चुलीवर कितीही चांगलं रांधलं तरी त्याच्या ताटात ते जाणारच नाही. तिथे जाऊन कंट्रोल आणि एफ फाइव्ह दाबलं पाहिजे. मग तो पोटातलं टाकून देतो आणि सगळं नवीन आणतो."

त्याच संध्याकाळी तुळशीरामशेठचा फोन आला. पान तसंच आहे. भावांसमोर आपली शोभा झाली. एका भावाने तर विचारलं की जावई दोरीसकट आणणार का. आता उद्या संध्याकाळपर्यंत ते निघालं नाही तर रविवारचं येणं रद्द, आणि पुढचं सगळंच रद्द. केसरीनाथशेठ तेव्हा काल्हेरच्या एका ओळखीच्या माणसाला रविवारपुरता जेसीबी अंगणात उभा करशील का हे विचारून दमलेले होते. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं.

"मी जाते दापोड्याला," करिष्मा म्हणाली. "दोन बटणं दाबायची आहेत. दादा, मला बाइकवर सोड."

शुक्रवारी शाळेच्या गणवेशातच ती कुणालच्या मागे बसली. कुणालने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत तो एकदाच बोलला. "करिष्मा, नक्की ना?" ती म्हणाली, "दादा, शंभर टक्के." अशा वेळी नव्याण्णव म्हणायचं शहाणपण तिला अजून आलेलं नव्हतं.

तुळशीरामशेठचं ऑफिस गोडाऊनच्याच एका टोकाला होतं. टेबलामागे शेठ, बाजूच्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरसमोर नेत्रा. ऑफिसची बिलं तीच टाइप करायची. कुणाल दारातच थांबला आणि चप्पल काढायची की नाही यावर विचार करू लागला.

"या," तुळशीरामशेठ म्हणाले. स्वर असा की 'जा' म्हटलं असतं तरी फार फरक पडला नसता. "दाखव गं नेत्रा त्यांना त्यांचा लेख."

नेत्राने पान उघडलं. खरंच पातं लवलं नाही. कुणालचा हसरा फोटो, आणि खाली 'रंग गोरा. दात सहा. खांदा मजबूत.' कुणालने आयुष्यात पहिल्यांदा ते प्रत्यक्ष पाहिलं आणि नकळत ओठ मिटून घेतले. नेत्रा की-बोर्डकडे बघत खोकली. करिष्माला ते खोकणं जरा लांबल्यासारखं वाटलं.

मग करिष्माने सगळं समजावून सांगितलं. पोट, पान, नेव्हर, आणि भाऊचं सेटिंग. उदाहरणार्थ भाऊकडच्या कोपऱ्यातल्या मशीनवर अजून दादाच्या माहितीवर दुसऱ्याच कोणाचा फोटो... इथे ती अडखळली, "म्हणजे जेसीबीचा फोटो दिसतो," असं म्हणून पुढे गेली. आता फक्त दोन बटणं. तिने ऐटीत कंट्रोल धरलं, एफ फाइव्ह दाबलं. स्क्रीन पांढरी झाली. मोडेमचा दिवा लुकलुकू लागला.

पांढऱ्या स्क्रीनकडे बघता बघता तिच्या डोक्यात ती बारीकशी गोष्ट आली. खुलासा काढला तो गुरुवारी. पाठवताना लाइन गेली होती. पान गेलं की नाही हे तिने पाहिलं ते कोपऱ्यातल्या मशीनवर. आणि कोपऱ्यातलं मशीन तर सोमवारचंच पान दाखवत होतं. सोमवारी खुलासा नव्हताच. म्हणजे तो काढला गेला की नाही, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"थांबवा," ती म्हणाली. "नको. आजच्या दिवस नको. लाइन खराब आहे."

"थांब ना, येतंय," नेत्रा म्हणाली. माउस तिच्या हातात होता.

आणि आलं. आधी वरच्या टोकाला लाल रंगाची एक पट्टी, मग हळूहळू खाली, मोठी, जाड, तुळशीरामशेठना चष्म्याशिवायही वाचता येतील अशी अक्षरं. शेठनी ती मोठ्याने वाचली. 'शर्यतीच्या बैलाचे' इथे ते खुर्चीतून अर्धे उठले. 'त्याच्याशिवाय जेवत नाही' हे त्यांनी दोनदा वाचलं. मग 'इयत्ता नववी' वाचून करिष्माकडे पाहिलं. ती एवढीशी झाली होती.

तेवढ्यात नेत्रा, डोळे स्क्रीनवरून न काढता, म्हणाली, "पायलट इकला न्हाय ना मग?"

तुळशीरामशेठनी मान वळवली. एकदम नाही, हळूहळू.

"तुला कसा ठावा हाय पायलट?"

या मशीनवर ते पान पहिल्यांदा कोणी उघडलं होतं, ते आता सगळ्यांच्या लक्षात आलं. टेम्पोवरचा पत्ता वाचून, बाबा प्लॉटवर गेल्याचं बघून, चोरून. आणि फोटो यायच्या आत बाबांनी परत येऊन फोन करायला लाइन ओढली होती. बुधवारपासून बाप 'दात सहा' म्हणून आरडाओरडा करत होता आणि ही शेजारी बसून बिलं टाइप करत होती. ते बैलाचं वर्णन आहे म्हणावं, तर आपल्याला कसं माहीत ते सांगावं लागलं असतं.

"मागच्या हंगामात मैत्रिणीच्या गावाला शर्यत पाह्यली," ती म्हणाली. "एकदाच."

"एकदाच?"

"तीनदा."

तुळशीरामशेठ उठून खिडकीपाशी गेले. मग कुणालकडे वळून त्यांनी विचारलं की जेसीबी कोणता. करिष्माने डोळे मिटले. कुणाल आतापर्यंत दारातल्या खांबासारखा उभा होता. तो म्हणाला, "काका, आमच्याकडं जेसीबी न्हाय. बाबा घाबरून बोलले. बैल हाय. मी त्याच्यावर पैसं लावीत न्हाय, जिंकला तर गुलाल, हरला तर घरी. पन इकनार न्हाय. तुम्ही नाय म्हंटलं तरी."

"आनि मी त्याच्यामुळंच नाय म्हंटलं तर?"

कुणालने नेत्राकडे बघितलं. तिने नुकतीच बँजोची वायर काढली असावी अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत होती.

"तरी न्हाय, काका," तो म्हणाला.

तुळशीरामशेठ पुन्हा खुर्चीत बसले. लाल अक्षरांखाली आता कुणालची खरी माहिती आली होती. बी.कॉम., उंची, स्वभाव शांत. त्यांनी ती सावकाश वाचली आणि नाक मुरडलं. "यात काय हाय? सगल्या पोऱ्यांची अशीच असते. त्यापरीस आदीचंच बरं होतं. लहान पोरांना मारत न्हाय. मागं बगत न्हाय." मग ते म्हणाले, "भावांना मी तेच सांगत होतो. लिवनारा येडा हाय, पन गुन चांगले हात."

करिष्माने एक डोळा उघडला.

"रविवारी येतो," तुळशीरामशेठ म्हणाले. "पन गोठ्याकडं मी बगनार न्हाय. तीस वर्सं बगितलं न्हाय, आता कशाला बगू? आनि पोरी, कोपऱ्यातल्या मशीनवर फोटो हाय म्हनालीस, तो बैलाचाच ना?"

"हो, काका. मी आज जाऊन पुसून टाकते."

"हं," ते म्हणाले आणि बिलं चाळू लागले.

रविवारी सगळं व्यवस्थित झालं. काल्हेरचा माणूस 'नको' असा निरोप न मिळाल्यामुळे जेसीबी घेऊन हजर झाला, त्याला चहा पाजून परत पाठवला. तुळशीरामशेठ गोठ्यावरून गेले ते मान लाकडासारखी ताठ ठेवून. पायलटने हंबरून बघितलं तरी ती वळली नाही. सुपारी फुटली. नेत्राने मात्र पाणी प्यायला म्हणून जाऊन पायलटच्या कपाळावर हात ठेवलेला करिष्माने पाहिला, आणि कोणालाही सांगितलं नाही. कॉम्प्युटर घरातच राहिला. भाविकला पत्त्यांचा खराखुरा जोड देण्यात आला.

या गडबडीत कोपऱ्यातल्या मशीनवरचा फोटो पुसायचा राहूनच गेला होता. तो पुढच्या आठवड्यात करिष्माला आठवला. ती शाळा सुटल्यावर भाऊकडे गेली. भाऊ म्हणाला, थांबावं लागेल, पडद्यामागे गिऱ्हाईक आहे. रोज येतं, तासाचे पैसे आगाऊ देतं आणि एकच पान बघत बसतं. करिष्माला उशीर होत होता. फक्त दोन बटणं दाबायची आहेत, गिऱ्हाईक रागावणार नाही, असं म्हणत तिने पडदा सारला.

खुर्चीत तुळशीरामशेठ बसले होते. चष्मा लावून, पुढे वाकून. स्क्रीनवर गोंडे बांधलेला पायलट होता आणि त्याच्या पायाशी लिहिलं होतं: कुणाल केसरीनाथ, बी.कॉम., स्वभाव शांत.

करिष्माचा हात सवयीने की-बोर्डकडे गेला. तुळशीरामशेठनी तो मधेच धरला.

"नवीन काय बी आनू नको," ते हळूच म्हणाले. "हाय त्ये र्‍हाऊं दे."